धुवणाचं पाणी

होलिस ट्राउटमनने हातातल्या कागदावरून मान वर केली तेव्हा हॉलमध्ये कोणीच नव्हतं. टेबलांवर सव्वीस बशा तशाच होत्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा कोणी अर्धा खाल्लेला, कोणी नुसताच काट्याने उकरलेला. खुर्च्या मागे सरकलेल्या. कोणाचा तरी लोकरी मफलर जमिनीवर पडला होता. आता इथे माणसं होती आणि आता नाहीत. खुर्च्यांची खरखर त्याने ऐकली होती, नाही असं नाही. पण त्याला वाटलं, लोक दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठलेत. पोलिश क्लबातल्या बायका स्वयंपाक करतात त्या दिवशी संघटनेच्या या शाखेची हजेरी नेहमीच जास्त असते, आणि दुसऱ्यांदा वाढून न घेणारा माणूस त्यांच्यात अजून जन्माला यायचाय. त्याने पुन्हा कागदात डोकं घातलं. कागद त्याचाच होता, त्यानेच लिहिलेला, सुनावणीत वाचायच्या पत्राचा चौथा खर्डा. "रेनाटा सोबेकला मी सात वर्षं ओळखतो. तिच्या हातून घडलेली चूक तिच्या स्वभावाला धरून नाही." हे दुसरं वाक्य त्याने आज सकाळपासून वीसएक वेळा वाचलं असेल. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी ते अख्खं वाक्य खोटं होतं. एवढ्यात दाराशी कोणीतरी उभं आहे असं त्याला जाणवलं. रेनाटाच होती. स्वेटरची बाही नाकावर दाबून, दुसऱ्या हाताने त्याला बोलावत होती. ओरडत नव्हती. त्यांच्या धंद्यात ओरडत नाहीत, धावत नाहीत, जाताना दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत. तो उठला. कोट घ्यायला वळला तशी तिने जोरजोरात मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं, आणि कोट तसाच टाकून तो बाहेर पडला.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत सगळे उभे होते, कोटांशिवाय, नोव्हेंबरच्या वाऱ्यात, आणि भलतेच खुशीत. घातक मालाची जबाबदारी सांभाळणारे, संघटनेची परीक्षा देऊन पदवी मिळवलेले पंचवीस जण, जेवताना स्वयंपाकघरातल्या शेगडीचा गॅस सुटतो आणि अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा होतो. सरावासाठी पैसे मोजून असा प्रसंग मिळाला नसता. "सडक्या अंड्यांचा नुसता भपकारा," अध्यक्ष मर्ल सांगत होता. "मी तोंडातला घास बशीत टाकला, बायकोने पाहिलं असतं तर घटस्फोट दिला असता." चिटणीस बर्नडीनने निघताना हजेरीचा कागद तेवढा बरोबर घेतला होता आणि ती नावांपुढे खुणा करत होती. "होलिस, अरे तू होतास कुठे? मी म्हटलं, नाक सगळ्यात आधी बाहेर पडलं असणार." सगळे हसले. तोही हसला. शाखेत त्याला नाकच म्हणत. रेनाटा हसली नाही. एकदा बाहेर पडलेल्याने माणूस मागे राहिला म्हणून आत जायचं नसतं, हा पहिला नियम; तो तिला त्यानेच शिकवला होता, आणि तो मोडून ती दारापर्यंत आली होती. दारातून तिने त्याला पाहिलं होतं. शांतपणे श्वास घेत, कागद वाचत बसलेला.

ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. आठ महिन्यांत तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. अडतिसाव्या वर्षी.

"तुम्हाला वास आला नाही?" तिने हळूच विचारलं.

"सर्दी झालीय गं." हे त्याच्या तोंडून आपसूक निघालं. गेली सात वर्षं हेच निघत होतं.

"सर्दी," ती म्हणाली. तिने रस्त्याकडे पाहिलं. गॅस कंपनीची गाडी वळून आत येत होती. "मला मार्चमध्ये झाली होती."

ती त्याच्यापासून दूर गेली नाही. तिथेच हाताची घडी घालून उभी राहिली, आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत असल्याचं त्याला स्पष्ट दिसत होतं. हिशेबी डोकं होतं तिचं. वर्गात बाकीचे पुस्तक चाळत असायचे तेव्हा हिचं उत्तर तयार असायचं. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता गाडीत बसावं आणि निघून जावं. पण कोट आत होता आणि किल्ल्या कोटात.

मार्चमधला तो दिवस त्याला अंगावर आठवायचा, डोक्यात नाही. बोटांची टोकं बधिर, कानाच्या पाळ्या दुखतायत, आणि समोर रेनाटाच्या कारखान्याचं मागचं आवार. दरवाजांच्या मुठी आणि बिजागऱ्यांना मुलामा देणारा जुना कारखाना. भिंतीमागची अडगळ उपसताना एक पिंप सापडलं होतं, गंजलेलं, लेबल नसलेलं. टाकाऊ माल नेणारी गाडी तासाभरात येणार होती आणि मालकाला आवार रिकामं हवं होतं. नियम शेंबड्या पोराला ठाऊक आहे: लेबल नसलेल्या पिंपातला नमुना काढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत त्या पिंपाकडे बघायचंही नाही. पिंपाला नाक लावायचं नाही हाही नियमच, आणि परीक्षेच्या तयारीच्या वर्गात तो फळ्यावर पहिल्याच दिवशी हा नियम लिहायचा. पण धंद्यात कोण कधी काय करतं हे सगळ्यांना माहीत असतं. तिने त्याला फोन करून बोलावलं होतं, मैत्रीखातर. परवानगी वगैरे काही न घेता तो आवारात शिरला होता. तिने झाकणाचं बूच अर्धं फिरवलं, तिचं स्वतःचं नाक चोंदून लाल झालं होतं, आणि म्हणाली, "पुस्तकातलं मला पाठ आहे. तुमचं नाक काय म्हणतं?" तो वाकला. बूचापाशी नाक नेलं. काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही, भिंतीला नाक लावावं तसं. मागच्या सहा-सात वर्षांत त्याला कॉफीचा वास आला नव्हता, पेट्रोलचा नव्हता, बायकोच्या आजारपणातल्या खोलीचा नव्हता. काही न येणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिथे उभं राहून तो दोन शब्द बोलला असता, मला कळत नाही, तर काय झालं असतं? गाडी रिकामी परत गेली असती. मालक चिडला असता. आणि ती म्हणाली असती, का कळत नाही? त्याने कंबर सरळ केली आणि म्हणाला, "धुवणाचं पाणी. जुनं आहे." म्हणजे मुलामा दिलेले भाग ज्यात खळबळतात ते, निरुपद्रवी. तिने लेबलावर तेच लिहिलं आणि खाली सही केली.

ते जुनं सल्फाइड होतं. दोन दिवसांनी ते वाहून नेणाऱ्या कंपनीच्या टाकीत, आम्लाच्या पाण्यावर, कर्टिस नावाच्या माणसाने ओतलं, कारण लेबलावर धुवणाचं पाणी लिहिलं होतं. आम्लाशी गाठ पडताच त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू उसळला. कर्टिस जगला. बत्तीस वर्षांचा आहे, दोन मुली आहेत, आणि आता त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. रेनाटाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. चौकशीत तिने सांगितलं, नमुना न तपासता मी लेबल लावलं. सोबत कोण होतं हे तिला कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. पिंपाला नाक लावलं म्हणून होलिसचीही पदवी जाईल, एकाच्या जागी दोघांचं नुकसान कशाला, एवढाच विचार तिने केला असणार. आणि तिला काही शंका असलीच तर तीही त्यानेच बुजवली होती. "थंडीत वास धरत नाही गं," तो फोनवर म्हणाला होता. "कडाक्याची थंडी होती. माझ्या जागी कोणीही फसला असता." तिने ते मान्य केलं होतं. आज गाड्यांच्या रांगेत, नोव्हेंबरच्या कडाक्यात, पंचवीस माणसं दारातून अजून येणाऱ्या भपकाऱ्याच्या गप्पा मारत उभी होती.

गॅसवाल्याने शेगडी बंद केली, खिडक्या उघडून वीस मिनिटं वारा खेळू दिला आणि आत जायला हरकत नाही म्हणाला. सगळे आपापल्या गार बशांपाशी जाऊन बसले. बर्नडीन त्याच्या खुर्चीजवळून जाताना वाकून म्हणाली, "आज काहीतरी सांगच. डिसेंबरला तुझी मुदत संपतेय आणि तुला अर्धा गुण कमी पडतोय. तीस वर्षं लोकांना परीक्षेला बसवणारा माणूस अर्ध्या गुणासाठी अडकला तर आमचं हसं होईल." दर पाच वर्षांनी पदवी राखायला गुण जमवावे लागतात, व्याख्यानांचे, वर्गांचे, बैठकांचे, आणि शाखेच्या प्रत्येक बैठकीत 'थोडक्यात' नावाचा जो फेरा होतो त्यात गोष्ट सांगणाऱ्याला अर्धा गुण. हा फेरा फार जुना. आपल्या हातून काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं, ते इथे सांगायचं. कारखान्याचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, सालही नाही. तपशील एवढा बदलायचा की ज्याची गोष्ट त्याच्या आईलाही ती ओळखू येऊ नये. बैठक संपल्याची वेळ चिटणिसाने लिहिली की इथलं बोलणं इथेच मिटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या फेऱ्याने किती जणांना वाचवलं असेल याची मोजदाद नाही. एकाने सांगावं आणि वीस जणांनी घरी जाऊन मुकाट्याने आपापली कोठारं तपासावीत. होलिसला या माणसांचा खरोखर जिव्हाळा होता. बायको गेली तेव्हा यांनी महिनाभर त्याला आळीपाळीने जेवण पोचवलं होतं. तो त्यातलं काय खातोय हे त्याला डब्याचं झाकण उघडून बघावं लागायचं.

नाक गेलं तेही काही धंद्यात नव्हे. तीस वर्षं तो आम्लं, रंग, कीटकनाशकं यांच्यात वावरला आणि त्याला शिंकही आली नाही. मग एका हिवाळ्यात साधा ताप आला, चार दिवस अंथरुणात, आणि उठला तर जग पुसून कोरडं केलेलं. आधी वाटलं येईल परत. लेनोरला, बायकोला, पहिल्या आठवड्यातच कळलं. तिने कधी विषय काढला नाही. सकाळी फ्रिज उघडून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायची, "दूध नासलं वाटतं," किंवा "पाव करपतोय गं बाई," आणि तो उठून पाव काढायचा. अशी झाकली मूठ सव्वा लाखाची चालली होती. शाखेच्या उन्हाळी सहलीत कागदात गुंडाळलेल्या बाटल्या हुंगून ओळखायचा खेळ असे, लवंगेचं तेल, कापूर, टर्पेंटाइन. तो अकरा वर्षं जिंकला होता. नाक गेल्यावर त्याने सांगितलं, आता तरुणांना संधी द्या, मी पंच होतो. लोकांना ते मनाचा मोठेपणा वाटला. टाळ्या वाजवल्या. लेनोर सहलीच्या टेबलाशी बसून त्याच्याकडे बघत होती. त्या वेळी तिने घरी येऊन काही बोलायला हवं होतं, असं त्याला कधी कधी वाटतं. मग तिच्यावर राग येतो, आणि मग स्वतःची किळस येते. ती गेल्यापासून तो दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून दूध पितो. लेबलावर विश्वास ठेवायचा नसतो हे जन्मभर शिकवलेला माणूस.

फेरा सुरू झाला. मर्लने आपली गोष्ट सांगितली, झडप उलटी बसवल्याची. सगळे पोट धरून हसले. रेनाटाकडे पाळी आली तेव्हा हसणं थांबलं. शुक्रवारी तिची सुनावणी होती, पदवी ठेवायची की काढून घ्यायची, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ती आज आली म्हणून सगळ्यांना तिचं कौतुक वाटत होतं. "माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "होलिस सांगतील."

त्याने पाण्याचा पेला उचलला, तो परत ठेवला.

"एका शाळेत," त्याने सुरुवात केली, "कपाटात एक बाटली सापडली. लेबल नव्हतं. तिथल्या शिक्षिकेने एका माहितगार माणसाला बोलावलं. त्याने हुंगून सांगितलं, काही नाही, साधं पाणी आहे. तिने त्याच्या शब्दावर लेबल लावलं. पुढे कोणीतरी आजारी पडलं." तो थांबला. इतकंही चाललं असतं. अर्धा गुण मिळाला असता. रेनाटा टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होती. "त्या माणसाला," तो म्हणाला, "वास येत नव्हता. बरीच वर्षं येत नव्हता. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही."

नेहमीसारखी चर्चा पेटली, कारण गोष्ट चांगली होती, धंद्याच्या मर्माची होती. "असल्या माणसाला फटके दिले पाहिजेत," कोणीतरी म्हणालं. "फटके द्या, पण लेबल कोणी लावलं?" मर्ल म्हणाला. "सही कोणाची? ज्याची सही त्याची जबाबदारी, हे आपण पहिल्या दिवशी शिकवतो. होलिसच शिकवतो. कायद्यापुढे हुंगणारा कोण लागून गेला? हात वर करा बरं, जबाबदार कोण, बाई की तो माणूस? बाई म्हणणाऱ्यांनी करा." एक, दोन, चार, बघता बघता हॉलभर हात वर झाले. कोणाच्या मनात पाप नव्हतं. शाळेतली बाई ही या टेबलाशी बसलीय हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते एक उदाहरण सोडवत होते, वर्गात सोडवतात तसं, आणि उत्तर बरोबर होतं. होलिस हात मोजत गेला. बावीस. आणि मग रेनाटाने हात वर केला. कोपर टेबलावर टेकून, फार उंच नाही, उत्तर येणाऱ्या विद्यार्थिनीसारखा. "सही तिची होती," ती म्हणाली.

बर्नडीनने त्याच्या नावापुढे अर्धा गुण मांडला आणि तशी चिठ्ठी फाडून त्याच्या बशीशेजारी ठेवली. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जबरदस्त गोष्ट, होलिस. आमच्या पोरांना सांगतो." त्याच्या मनात आलं, ही माणसं वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

बैठक संपली. बर्नडीनने घड्याळात बघून वेळ लिहिली. लोक कोट चढवून, उरलेले कोबीचे रोल कागदी डब्यांत भरून निघाले. रेनाटा दाराशी मफलर गुंडाळत होती. जमिनीवर पडलेला तो मफलर तिचाच होता. तो तिच्याकडे गेला. खिशातलं पत्र बाहेर काढलं, पण तिला द्यायचा धीर झाला नाही.

"शाळेतल्या त्या बाईंचं पुढे काय झालं?" तिने विचारलं. आवाज साधा होता. फेऱ्यातल्या गोष्टीबद्दल पुढे काही विचारायचं तर असंच विचारतात, गोष्टीतलं म्हणून.

"शुक्रवारी कळेल."

"नोकरी गेली त्याचं त्यांना काही नाही हो. नोकरी मिळेल, दुकानात मिळेल, कुठेही मिळेल." तिने मफलरची गाठ सोडली आणि परत बांधली. "आठ महिने त्या रात्रंदिवस एकच विचार करतायत, की आपल्याला एवढं शिकवलं आणि आपण त्या दिवशी नेमकं काय विसरलो. झोपत नाहीत. स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालाय. घरातली औषधाची बाटलीही दोनदा वाचतात." ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "एवढं तरी त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. मार्चमध्येच."

"रेनाटा..."

"मी कोणाला सांगणार नाही. फेऱ्यातलं आहे ते," ती म्हणाली आणि गेली.

तो दारात उभा राहिला. तिच्या गाडीचे मागचे दिवे वळणावर लागले, मग दिसेनासे झाले. मुठीत पत्र होतं. शुक्रवारी पत्र वाचलं जाईल, समितीतले लोक माना डोलवतील, किती सभ्य गुरू, आणि तिची पदवी काढून घेतील. त्याची पदवी पुढची पाच वर्षं राहील. तिच्याच गोष्टीतून मिळालेल्या अर्ध्या गुणावर. लोक म्हणत, होलिस म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्याला एकाएकी इतकं थकल्यासारखं झालं की तिथल्याच पायरीवर बसावं असं वाटलं. निवृत्तीला चार वर्षं होती. त्याच्या कंपनीत पदवी गेलेल्याला चार तासही ठेवत नाहीत. आवारात परवानगीशिवाय शिरणं, पिंप हुंगणं, सात वर्षं लपवणं. पदवीच काय, वकीलही मागे लागतील. आणि ही सगळी माणसं. महिनाभर डबे पोचवणारी. ती त्याच्याकडे कशी बघतील ते त्याला आत्ताच दिसत होतं. कोणी वाईट बोलणार नाही. फक्त कोणी त्याला काही विचारायला येणार नाही.

तो परत आत गेला. बर्नडीन एकटीच कागद आवरत होती.

"बर्नडीन, मघाची गोष्ट शाळेतली नव्हती."

तिचे हात थांबले. मान वर न करता ती म्हणाली, "फेऱ्यातलं बोलणं आहे ते. मी काही ऐकलेलं नाही."

"बैठक संपल्याची वेळ किती लिहिलीस?"

"दोन वाजून दहा."

"आत्ता किती वाजलेत?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "होलिस, बस जरा. कॉफी घे. तू आज दमलायस. असलं काही दमलेल्या माणसाने बोलू नये. तिचं जायचं ते जाणारच आहे रे, सही तिची आहे. त्यापायी तुझंही सगळं कशाला घालवतोस? त्याने तिचं काय परत येणार आहे?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खरंच माहीत नव्हतं. "पेन दे."

ती पेन देईना. बारा वर्षांची मैत्री होती. पेन मुठीत धरून ती नुसती बघत राहिली. शेवटी त्यानेच टेबलावरची पेन्सिल उचलली, पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. वर आपलं पूर्ण नाव. मग तारीख, कारखान्याचं नाव, पिंपाची जागा, रेनाटाचं नाव. "तिने मला विचारलं. मला वास येत नाही हे मला माहीत होतं, तिला नव्हतं." अक्षर शाळकरी पोरासारखं येत होतं. अर्ध्या पानावर तो थांबला. उघड्या खिडक्यांतून गार वारा येत होता आणि स्वयंपाकघरात बायका भांडी घासत होत्या. त्याने डोकं वर केलं, खोल श्वास घेतला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी विचारलं,

"गॅसचा वास गेला का गं? की अजून येतोय?"

बर्नडीनने पेन खाली ठेवलं. "गेला," ती म्हणाली. "केव्हाच गेला."